मामांच्या पिकअपचं लॉक

बेंगळुरात उघडत नाही असं दार नव्हतंच. फक्त त्यासाठी आमच्या मामांना बोलवावं लागायचं. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. चामराजपेटेत त्यांच्या इतक्या पिढ्या गेल्या की मराठीत मोजायला घेतलेली पातेली ते कन्नडमध्ये मोजून संपवतात. पातेली म्हणजे लग्नाकार्यातली. मोठी भांडी भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा, आणि ती पोचवायला त्यांची जुनी पिकअप. तिचा मूळ रंग निळा होता असा घरात एक प्रवाद आहे. ती चोरीला जाण्याची भीती कुणालाच नव्हती, कारण ती मालकालाही सहजासहजी उघडत नसे. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आधी गुडघ्यानं खालून उचलून धरायचं, किल्ली पूर्ण आत घालून तांदळाच्या दाण्याएवढी मागे ओढायची, आणि मग हलकेच म्हणायचं, "बा तायी, स्वल्प तिरुगु." ये बाई, जरा फिर. मी एकदा म्हटलं, "मराठीत सांगून बघा की." मामा म्हणाले, "गाडी इथली आहे, जावईबापू. तुमच्यासारखी काल आलेली नाही." डावीकडचं लॉक तर त्याहून हट्टी. ते बाहेरून उघडायचं नाही म्हटल्यावर मामा सीटवर आडवे होऊन आतून उघडून देत, आणि तोवर मामी रेशमी साडी सावरत रस्त्यावर उभ्या. "देवळाचं दार याच्या आधी उघडतं हो," त्या म्हणायच्या.

अडणाऱ्या लॉकवर मामांचं औषध एकच, पेन्सिलीच्या शिशाची पूड. ब्लेडनं खरवडून ती ते तपकिरीच्या रिकाम्या डबीत साठवत आणि सरबताच्या नळीतून भोकात फुंकत. घरातल्या कुठल्याही पोराची पेन्सिल हरवली की आधी मामांचा खिसा तपासला जाई. एका साखरपुड्यात ते नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका घेऊन दिवसभर मिरवले. मुलाकडच्या बायकांना वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून लावलाय. तेल मात्र वर्ज्य. "तेल धुळीला बोलावतं," असं ते सांगत, "आणि एकदा बसलेली धूळ उठत नाही. काही पाहुणे कसे असतात..." एवढं बोलून माझ्याकडे बघत. मी हसायचो. माझ्यावरची ही थट्टा मला आवडायची, हेही आज कबूल करतो. पुण्याहून येऊन महादेवपुऱ्यात कंप्युटरपुढे बसणाऱ्या माणसाला या शहरात 'जावईबापू' म्हणणारं दुसरं कोण होतं?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी पहिल्यांदाच माझ्या हातात ती किल्ली दिली. "पुढच्या सीटवर झाऱ्यांची पेटी आहे, आणा." मी गुडघा लावला, तांदळाचा दाणा मोजला, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये आर्जवं केली. समोरचा रिक्षावाला आधी गंमत बघत होता, मग म्हणाला, "सार, पूजे माडि!" पूजा करा म्हणे. चार लोक हसले. मी लाल होऊन घरात गेलो, मामींची खोबरेलाची बाटली उचलली आणि दोन्ही दारांच्या भोकांत रिचवली. लॉक लोण्यासारखं फिरलं. पेटी आणून दिली, किल्ली खुंटीला लावली, बाटली जागेवर ठेवली. मामांना काही कळलं नाही. तपकिरीनं त्यांचं नाक केव्हाच निकामी केलं होतं. उलट दुसऱ्या दिवशी दार एका फिरकीत उघडलं तेव्हा ते सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, आता ऐकते माझं!" मी मनातल्या मनात फुशारलो. हा माझा पहिला गुन्हा, आणि खरं तर तो लहान होता.

खोबरेल थंडीत थिजतं हे माझ्या आईनं मला लहानपणापासून बाटली उन्हात ठेवायला लावून शिकवलेलं होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी मल्लेश्वरमच्या लग्नाला पातेली जायची होती. मागे सगळी रचून झालेली, आणि ड्रायव्हरचं दार उघडेना. डावीकडचंही नाही. मामांनी गुडघा लावला, दाणा मोजला, "बा तायी" झालं, पूड फुंकून झाली. त्या पुडीचा आत थिजलेल्या तेलात चिखल झाला असणार. लग्नघरून फोनवर फोन. गल्ली गोळा झाली. शेवटी किल्ली वाकली. मामांनी ती बाहेर काढली तेव्हा खाचेत पांढरट काळा लगदा मला स्पष्ट दिसला. कुणीतरी पुढे वाकून विचारलं, "काय अडकलंय अण्णा?" आणि मी घाईघाईनं म्हणालो, "वय झालं आता मामांचं. हात पूर्वीसारखा राहत नाही."

मामांनी किल्लीकडे पाहिलंच नाही. आपल्या बोटांकडे पाहिलं. म्हणाले, "सरी." बरं, एवढंच.

पातेली दुसऱ्या टेम्पोतून गेली आणि पिकअपवर ताडपत्री पडली. त्यानंतर मामांनी किल्ल्याच सोडल्या. घराची, कपाटाची, अगदी लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा समोरच्यापुढे धरायचे, "तुम्हीच उघडा. माझा हात गेला." मी उघडून द्यायचो. दोन वर्षं. प्रत्येक वेळी जीभ उचलायचो आणि प्रत्येक वेळी झाकणच उघडायचो.

गेल्या महिन्यात दुपारी मी आणि मामा बाजारातून परतलो. दारात त्यांनी सवयीनं किल्ली माझ्यापुढे केली. मी ती घेतली नाही. म्हटलं, "मामा, तुमचा हात गेलेला नाही. मी लॉकमध्ये तेल घातलं होतं."

"कुठलं?"

"खोबरेल. मामींच्या बाटलीतलं."

"दोन्ही दारांत?"

"दोन्ही. आणि त्या दिवशी किल्लीवर दिसलंसुद्धा होतं मला."

"दोन वर्षं मी चहा अर्धा कप घेतोय," ते म्हणाले. "सांडेल म्हणून." मग त्यांनी स्वतः किल्ली लावली. तिसऱ्या खेपेला ती भोकात गेली, कारण दोन वर्षं न वापरलेला हात आता खरोखरच थोडा थरथरत होता. दार उघडून ते आत गेले. माझ्यासाठी त्यांनी ते उघडं ठेवलं, पण मागे वळून पाहिलं नाही.

आता रविवारी मी चामराजपेटेत असतो. ताडपत्री काढली आहे. मामा रॉकेलनं लॉक धुतात आणि मी पायरीवर बसून पेन्सिली खरवडतो. डावीकडचं दार उघडलं. सवयीप्रमाणे, फक्त आतून. ड्रायव्हरचं अजून कधी ऐकतं, कधी नाही. परवा माझ्या नाकाला पूड लागलेली पाहून मामींना हसू आवरेना. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "साहेब, नाक पुसा." चहा हल्ली ते पूर्ण कप घेतात. पण त्या दिवसापासून त्यांनी मला एकदाही जावईबापू म्हटलेलं नाही. पूड बारीक झाली पाहिजे एवढंच मी बघतो.