दहावी सही

हलगी वाजवताना नाना उमेदवाराकडे कधी बघत नसत. ते बघत रस्त्याकडे. लोकसभेचा अर्ज भरायला निघालेली मिरवणूक कचेरीपासून शंभर मीटरवर थांबवतात. तिथे चुन्याची पांढरी रेघ मारलेली असते आणि पोलीस उभे असतात. रेघेच्या पुढे उमेदवार आणि त्याची चार माणसं; गुलाल, गाड्या, घोषणा आणि हलगी अलीकडे. रेघ दिसली की नाना ताल वाढवायचे आणि बरोबर तिच्यापाशी शेवटची थाप मारून थांबायचे. इतक्या वर्षांत त्यांचं पाऊल एकदाही रेघेवर पडलं नाही. "डोळं झाकून सांगतो ती कुटं हाय," ते म्हणायचे. "तितं आलं की उमेदवार आमच्याकडं बगायचा थांबतो."

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. आजोबा लवकर गेले, त्यामुळे पप्पांना नानांनीच वाढवलं, शिकवलं, तेही हलगीवर. लग्न, जत्रा, मयत आणि निवडणूक अशी त्यांची चार गिऱ्हाइकं. त्यात निवडणूक सगळ्यांत बरी, कारण लग्नात हलगीवाल्याला पंगती उठल्यावर जेवायला घालतात आणि निवडणुकीत आधी घालतात, असं त्यांचं म्हणणं. ते सगळ्याच पक्षांचं वाजवत. एकदा सकाळी एकाची आणि दुपारी त्याच्या विरोधातल्याची मिरवणूक त्यांनी वाजवली होती. मधल्या वेळात फक्त गळ्यातलं उपरणं बदललं. पप्पांना ते आवडलं नव्हतं. नाना म्हणाले, "ताल त्योच. त्यांचंबी भाषण त्येच असतंय की."

वाजवण्याआधी हलगीचं कातडं शेकावं लागतं, तेव्हा ते ताणून बसतं. नाना त्यासाठी मागच्या निवडणुकीचे जाहीरनामे जपून ठेवत. चार कागद चुरगाळायचे, रस्त्याच्या कडेला पेटवायचे आणि हलगी त्यावर धरायची. "जाहीरनामा लई झ्याक पेटतो," ते सांगायचे. "आत वल न्हाई कसली."

शहराच्या जुळे सोलापूर या नव्या भागात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा मी पाचवीत होते. नाना रेल्वे लाइनीपलीकडच्या आमच्या जुन्या वस्तीतच राहिले. महिन्यातून एखाद्या रविवारी ते आमच्याकडे येत. पहिल्याच खेपेला वॉचमनने पप्पांना विचारलं, "कोण हे?" पप्पा म्हणाले, "गावाकडचे ओळखीचे." नाना तिथेच उभे होते. त्यानंतर ते येत तेव्हा हलगी वॉचमनच्या खोलीत ठेवत आणि स्वतःच सांगत, "वर सायबाकडं जायचंय. गावाकडचा वळकीचा हाय मी." हे सांगताना ते हसायचे. नाना लिफ्टमधून उतरायचे तेव्हाही ते हसू तोंडावर असायचं; पप्पांना ते चहा संपेपर्यंत पुरायचं.

पप्पांनी आडनाव बदलून गावाच्या नावावरून घेतलं होतं. आम्ही मातंग आहोत हे मला नववीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं आणि तरी मला ते माहीत होतं. घरात जातीचा दाखला कपाटाच्या आतल्या कप्प्यात असायचा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला तो बाहेर आला, राखीव जागेवर माझं नाव लागलं आणि तो परत आत गेला. नानांचा दाखला मात्र रेशनकार्डाबरोबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, सदऱ्याच्या खिशात असायचा. मम्मी एकदा म्हणाली, घामाने खराब होईल, घरी ठेवा की. नाना म्हणाले, "घरात दाखला ऱ्हातो, सूनबाई. जात माझ्यासंगं भाईर येती."

सातवीत असताना आमची स्कूल बस एका मिरवणुकीत अडकली. पुढे नाना वाजवत होते आणि त्यांच्याशेजारी सोपानकाका हलगीच्या साथीचं घुमकं घुमवत होते. सोपानकाका माळशिरसकडचे. तरुणपणीच सोलापुरात आले आणि नानांच्या जोडीला राहिले ते राहिलेच. नानांनी मला खिडकीत पाहिलं. ते बसच्या अगदी जवळ आले, हलगी उंच धरली आणि एक लांब कडकडाट वाजवला. बसमधली मुलं सीटवर नाचायला लागली. शेजारची मुलगी म्हणाली, तो तुझ्याकडेच बघतोय, ओळखतेस का? मी इंग्रजीत नाही म्हटलं आणि दप्तरात काहीतरी शोधायला लागले. पुढच्या रविवारी नाना आले तेव्हा मी खोलीतून बाहेरच येईना. त्यांनी दाराशी येऊन एवढंच म्हटलं, "म्याडम, त्या बशीच्या काचा लई काळ्या असत्यात. आतनं भाईरचं दिसतच न्हाय." ते मला म्याडम म्हणत. काचा काळ्या नव्हत्या.

सोलापूरची लोकसभेची जागा राखीव. म्हणजे उमेदवार आमच्यासारख्यांतलाच असावा लागतो. तो कोण असावा हे मात्र ज्यांच्याकडे ऊस, कारखाने आणि गाड्या आहेत ते ठरवतात. हे सगळ्यांनाच माहीत असतं आणि नानांनाही होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला दारं नव्हती. बायका पहाटे एकमेकींच्या पुढे लुगड्याचा आडोसा धरून बसत. त्याचा अर्ज घेऊन नाना खासदारांना भेटायला निघाले. त्यांची विजयाची मिरवणूक नानांनीच वाजवली होती. खासदार साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावर आहेत असं कळलं, म्हणून नाना तिकडे गेले. दुपारपर्यंत अंगणात बसून राहिले. तिथून व्हरांडा दिसत होता.

त्या दिवशी ते रविवार नसताना आमच्याकडे आले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

"चेअरमन खुर्चीत बसलेला," ते पप्पांना म्हणाले, "आन आपला खासदार त्याच्याम्होरं हुबा. हात मागं बांधून. तासभर. मागं रिकामी खुर्ची हुती रं बाबा, बसला न्हाय. त्याला खासदार मी वाजवून केला."

पप्पा म्हणाले, राजकारणात असं चालतंच. नाना म्हणाले, चालू दे. अर्ज तसाच खिशात होता. तो त्यांनी कुणालाच दिला नव्हता.

मागची लोकसभा लागली तेव्हा नानांनी पहिल्यांदाच कुणाचीही सुपारी घेतली नाही. वस्तीत हसाहशी झाली. हलगीवाला खासदार होणार, आता संसदेत कडकडाट, असं पोरं म्हणू लागली. नाना त्यांच्यात बसून हसत. आमच्याकडे आल्यावर मात्र त्यांनी मला समोर बसवलं आणि हळू सांगितलं, "निवडून याला मी खुळा न्हाय. एकदा त्या रेगंच्या आत जायचंय. आन मशिनीवर माझं नाव बगायचंय. त्या नावाम्होरं आपल्या चार माणसांनी बटन दाबलं तर कुणाला इचारून हुबा ऱ्हायला, असं कुणी म्हनणार न्हाय. अर्ज तू लिवून दे. इंग्रजी साळंतलं अक्षर हाय तुजं."

मी तेव्हा एका खासगी बँकेत नुकतीच लागले होते. संध्याकाळी घरी आले की आम्ही डायनिंग टेबलवर बसायचो. नाना सांगत आणि मी लिहीत असे. प्रतिज्ञापत्रात जंगम मालमत्तेचा रकाना आला. ते म्हणाले, हलगी लिही. मी म्हटलं, यात सोनं, वाहन वगैरे लिहितात. "मग सोनं हाय का माज्याकडं? जे हाय त्ये लिही." मी लिहिलं, हलगी, एक.

अडचण सह्यांची होती. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून लागतात. अंगठा चालतो, पण तो अधिकाऱ्यासमोर उठवावा लागतो आणि आत तर चारच माणसं सोडतात. म्हणून सही करणारी माणसं हवी होती. वस्तीत सही करणारे कमी नव्हते. पण ज्याला सही येते त्याला नोकरी असते, आणि ज्याला नोकरी असते तो कुणाच्या तरी शब्दावर लागलेला असतो. लोक नानांना चहा पाजत आणि उद्या या म्हणत. आठ दिवस फिरून नऊ सह्या झाल्या.

त्या संध्याकाळी नानांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "दहावी तुजी."

सूचकांची नावं कचेरीच्या नोटीस बोर्डावर लागतात हे मी वाचलं होतं. आमची शाखा कचेरीपासून दोन चौकांवर आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने आदल्याच आठवड्यात डबा खाताना म्हटलं होतं की राखीववाल्यांना सगळं फुकट मिळतं, आणि मी मान डोलावली होती. मी नानांना म्हटलं, आमच्या बँकेत असं चालत नाही, नियम आहे. असा नियम मी कुठे वाचला नव्हता.

नानांनी पेन उचलून खिशाला लावलं. "व्हय, नोकरी जपावी," ते म्हणाले. पप्पांचं नाव त्यांनी काढलंच नाही. ते सरकारी नोकर.

दोन दिवसांनी ते सोपानकाकांना घेऊन आले. सोपानकाकांनी सही शिकून घेतली होती आणि ती ते तळहातावर बोटाने गिरवत होते. मी यादीतला क्रमांक लिहायला त्यांचं मतदान कार्ड मागितलं. पत्ता माळशिरस तालुक्यातला होता. गावाकडे घरकुलाच्या यादीत नाव होतं, ते जाऊ नये म्हणून त्यांनी मत तिकडेच ठेवलं होतं. इतकी वर्षं सोलापुरात राहून ते मतदानाला गावी जात होते. मी विचारलं, "नाना, हे माळशिरसचं चालेल ना?"

नानांनी कार्ड हातात घेतलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "जिल्हा सोलापूर. लिवलंय की हितं."

जिल्हा सोलापूरच होता. पण लोकसभेला माळशिरस दुसऱ्या मतदारसंघात जातं. मला तशी शंका होती आणि फोन हातातच होता. पलीकडे सोफ्यावर पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केलेली आहे, त्यांना हे पक्कं माहीत असणार. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पान उलटलं. हे चालत नाही असं मी म्हटलं असतं, तर मग दहावी कुणाची, हा प्रश्न परत टेबलावर आला असता. मी क्रमांक लिहिला. सोपानकाकांनी जीभ दातांत धरून सही केली आणि नानांनी त्यांच्या पाठीवर हलगीवर मारतात तशी थाप मारली.

अर्जाचा शेवटचा दिवस. एप्रिलचं ऊन होतं. मी जेवणाच्या सुट्टीत तोंडाला स्कार्फ बांधून कचेरीसमोरच्या फुटपाथवर उभी राहिले. नाना पांढऱ्या सदऱ्यात आले. त्या दिवशी त्यांची हलगी वस्तीतल्या दुसऱ्याच माणसाच्या गळ्यात होती आणि सोपानकाकांचं घुमकं होतं. बरोबर तीस-चाळीस माणसं. रेघेपाशी हलगी थांबली. नाना मात्र तिथेच घुटमळले. मग वाकून त्यांनी चपला काढल्या. पोलीस म्हणाला, "अहो आजोबा, चपला घाला. देऊळ आहे का हे?" मागची माणसं हसली. नानांनी चपला घातल्या आणि रेघ ओलांडली. ओलांडताना त्यांनी खाली बघितलं नाही.

छाननीत अर्ज बाद झाला. दहावा सूचक या मतदारसंघाचा मतदार नाही, म्हणून. मला बँकेतच कळलं. तिथे पेपरात बाद झालेल्यांची नावं होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या त्याच मुलीने ती वाचली आणि म्हणाली, कोण कोण उभं राहतं बघ. मी म्हटलं, हो ना.

रविवारी नाना आले. मम्मीने चहा दिला, तो त्यांनी नेहमीसारखा बशीत ओतून प्यायला. पप्पा बाथरूममध्ये गेले ते लवकर बाहेर आले नाहीत. मी समोर बसून राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी सोपानकाकांचं विचारलं.

"रडतोय. म्हनतो, माज्या गावानं तुमाला बुडीवलं. मी म्हनलं, गाव जिल्ह्यात हाय पर आपल्यात न्हाय, त्याला तू काय करणार? ठावं असणाऱ्यानं सांगायचं असतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर सायब लई चांगला. समदा अर्ज वाचला त्यानं. म्हनला, कुणी लिवलाय? अक्षर लई देखणं हाय. मी सांगितलं, माज्या नातीनं."

त्यांनी बशी पालथी घातली आणि उठले. मी दारापर्यंत गेले; लिफ्टपर्यंत जायला हवं होतं. वर गॅलरीतून मी बघितलं. वॉचमन हलगी आणायला आत वळला, तसं नानांनी हाताने नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी ती आणलीच नव्हती.

मतदानाला नाना गेले. मशिनीवर बरीच नावं होती, असं ते म्हणाल्याचं मम्मीने सांगितलं. पुढच्या थंडीत ते गेले. आमच्यात मयतीला हलगी लागते. सोपानकाकांनी नानांची हलगी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जाऊ दिली नाही, एकट्याने घुमकं वाजवलं. नुसतं घुमकं फार रिकामं वाजतं. पप्पा पुढे खांदा देऊन चालले होते. रस्त्यात त्यांच्या ऑफिसमधले एक गृहस्थ भेटले आणि त्यांनी हळूच विचारलं, कोण? पप्पांनी सांगितलं, "चुलते." मोठ्याने सांगितलं. तेव्हा नाना ऐकायला नव्हते.

संडासाला दारं अजून नाहीत. मी अजून त्याच शाखेत आहे. म्हातारी माणसं फॉर्म घेऊन माझ्याच काउंटरवर येतात, कारण मी भरून देते. भरून झाल्यावर कुणी कुणी म्हणतं, बाई, अक्षर किती छान आहे तुमचं. मी फॉर्म त्यांच्याकडे फिरवते आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवते.