बांगडीवरच्या दोन टिचक्या

राबियाचाची धाडच्या आठवडी बाजारात बांगड्या भरते. तिला सासूकडून दोन गोष्टी मिळाल्या. एक, कोपऱ्यावरची ही गोणपाटाची जागा. दुसरी, हातात चढवण्याआधी प्रत्येक बांगडीवर नखानं दोन टिचक्या मारायची सवय. तडा गेलेली काच बद्द वाजते. बत्तीस वर्षांत टिचकीशिवाय एकही बांगडी तिनं कुणाच्या हातात घातली नाही.

त्या दिवशी समोर अनोळखी हात आला. बुलढाण्याच्या कॉलेजातली अपेक्षा. मागे गळ्यात कॅमेरा अडकवलेला, तिच्याच वर्गातला सागर. चाचीनं अपेक्षाचा पंजा दाबला, अंगठ्याखालचं हाड चाचपलं.

"वीस झाले. एकविसावं लागाचं हाये."

अपेक्षानं हात ओढूनच घेतला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुह्या हातानं. मापावर नको जाऊ, बारीक हाताच्या म्हाताऱ्या बी असतात. हाड पाहा लागते. कच्चं असलं का बोटाखाली लवते."

सागर तिथंच मातीत बसला. चार दिवस झाले, दोघं बालविवाहावर छोटी फिल्म करत फिरत होती, आणि ज्याला विचारावं तो म्हणे, आमच्याकडं नाही होत, पलीकडच्या गावात विचारा.

"चाची, मग नवरीला चुडा भरायला जाता तेव्हा तुम्हाला..."

चाची उगाच डबे सारखे करू लागली. लग्नघरी हिरवा चुडा भरायला आसपासच्या गावांत तिलाच बोलावणं असतं. बाजारावर चहापाणी सुटतं, घर चालतं ते लग्नांवर. एका घरानं तिला टाकलं, तर दहा घरं टाकतील.

"तोंड नाही दिसणार," सागर म्हणाला. "नाव नाही. आवाजपण बदलतो."

"आवाज कसा बदलते बे?"

त्यानं मोबाइलवर बदलून ऐकवला. आपलंच बोलणं जाड्याभरड्या घशातून आलेलं ऐकून चाचीनं तोंडाला पदर लावला. "हा तं माह्या सासऱ्यावानी बोलते. अजून एकदा ऐकव."

तीनदा ऐकल्यावर तिनं बोटातली फिरोजाची अंगठी काढून कमरेला खोचली. ती अंगठी सारा बाजार ओळखायचा.

"फक्त हात घे," ती म्हणाली आणि बांगड्या लावता लावता बोलू लागली. "मागच्या उन्हाळ्यात एका नवरीचा हात धरला. हाड लवलं. चुडा चढवून राह्यली होती, तं पोट्टी हळूच म्हणते, ह्या शाळेत चालतील का? मी काही नाही बोलली. चुडा भरला अन घरी आली."

महिन्याभरानं दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत, खिडक्यांना चादरी बांधून, फिल्म दाखवली. चाची मागच्या भिंतीला टेकून बसली. पडद्यावर तिचे हात सुपाएवढे दिसत होते. एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या? सासरा बोलत होता. कुणीही मान वळवली नाही.

मग पडद्यावरच्या हातानं एक बांगडी उचलली. टिक, टिक.

"अवं, हे तं राबिया होय," पुढच्या रांगेतून तिची जुनी गिऱ्हाईक रुक्मिणीबाई बोलून गेली. साऱ्या माना मागे वळल्या. चाचीनं हात पदराखाली घेतले.

बाहेर अपेक्षा रडवेली झाली होती. "आम्ही सगळं लपवलं होतं, चाची."

"बांगड्या भरताना माह्या तोंडाकडं कोण पाह्यते, बाई? साऱ्या हाताकडंच पाह्यतात. मलेच कसं सुचलं नाही."

पुढच्या बाजारी दुपारपर्यंत दोनच गिऱ्हाइकं, तीही परगावची. नेहमीच्या बाया पलीकडच्या बाजूनं, मिरच्यांचे भाव विचारत निघून गेल्या. रुक्मिणीबाईच्या नातीचं लग्न बारा दिवसांवर होतं. चुड्याचं बोलावणं आधीच आलेलं. आता येऊ नको, एवढा निरोप यायचा राहिला होता.

रुक्मिणीबाई स्वतःच आली. नातीचं मनगट धरून तिनं पोरीचा हात पुढे केला.

"पाह्य अन सांग, किती वर्षाची."

मिरच्यांपाशी उभ्या असलेल्या बाया दोन पावलं अलीकडं सरकल्या. चाचीला कळत होतं, अठरा म्हटलं की संपलं. ह्याच बाया संध्याकाळपर्यंत गोणपाटावर येऊन बसतील. तिनं तो हात घेतला. अंगठ्याखाली दाबलं. पुन्हा दाबलं.

"सोळा. त्याच्या वर नाही."

"हिचा बाप अठरा सांगते."

"सांगत असंल."

रुक्मिणीबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "सोळाच हाये. हिच्या बारशाले पाळणा मीच हलवला. पण घरात माह्यं कोण ऐकते? म्हातारी बरळते म्हणतात. उद्या सकाळी ये. हिच्या बापासमोर हिचा हात धर अन हेच सांग."

"चुडा आणू?"

"चुडा कायले? नुसती ये."

चाचीनं हिरव्या बांगड्यांच्या डब्याची दोरी बांधून टाकली. नात अजून तिथंच उकिडवी बसली होती. तिनं ढिगातली एक बांगडी उचलली, नखानं दोनदा वाजवली, कानाशी धरली.

"चाची, तडा गेलेली कशी वाजते?"