वजा केलेली धूळ

"अहो, मार्क सवलतीत मिळतात. तारे नाही मिळत."

सर हे मला सगळ्या संशोधन गटासमोर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. माझं ते हसणं अजून सलतं.

बाकीच्या विद्यार्थ्यांना सर अरे-तुरे करत. मला एकट्यालाच 'तुम्ही'. तो मान नव्हता, अंतर होतं.

माझा गुन्हा एवढाच की मी त्यांची चूक दाखवली. एका तेजोमेघातल्या कोवळ्या ताऱ्यांभोवतीची धूळ आम्ही शोधत होतो. या धुळीतूनच पुढे ग्रह घडतात. ती डोळ्यांना दिसत नाही, तिची ऊब अवरक्त किरणांत दिसते. पण आपलं आकाशही ऊबदार, तेही चमकतं. म्हणून शेजारच्या रिकाम्या आकाशाचं चित्र घेऊन ते मूळ चित्रातून वजा करायचं. सरांनी निवडलेला तुकडा रिकामा नव्हताच. तिथेही मेघाची धूळ होती. आकाशाबरोबर तीही वजा झाली आणि अंधुक तारे धुळीविना निघाले.

मी मेघाबाहेरचा तुकडा घेतला. सगळी चित्रं पुन्हा केली. वर्ष गेलं. धूळ दिसली.

मग शोधनिबंधाचा मसुदा हातात आला. वजाबाकी माझी, तक्ते माझे. पहिलं नाव सरांचं. मी शेवटी, आभारांत. संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

तडक त्यांच्या खोलीत गेलो. स्वारगेटला मोबाईलची कव्हरं विकून शिकलोय, भाव करणं मला कळतं. पहिलं नाव मागितलं.

"चौथं देतो," सर म्हणाले.

"दुसरं."

"तिसरं. आणि हरकत नाही असं लिहून द्या. तुमचा प्रबंध अडायला नको ना?"

'चालेल' अगदी ओठांवर आलं होतं. मग अंगाची आग झाली. कुणाचा माल मागत होतो मी? माझाच!

त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला. लिहिलं: हे काम माझं आहे, मला हरकत आहे. सही केली. एक प्रत नियतकालिकाच्या संपादकांना पाठवली.

उत्तर आलं नाही. निबंध तसाच छापून आला. सरांनी माझा प्रबंध अडवला. दुसरा मार्गदर्शक मला घेत नाही.

"डॉक्टर कधी होणार रे?" बिबवेवाडीत आई विचारते.

"बहुतेक नाही होणार, आई."

परवा गटातला एकजण सरांचा निरोप घेऊन आला. "पत्र मागे घे, सगळं मिटवू म्हणतायत. तुला हवंय तरी काय?"

"पहिलं नाव."

"ते नाही मिळणार."

"माहितीय. दुसरं घेणार नाही."