टायटसचा कप

माझी वहिनी रोझेला हिला आजवर किती वेळा विकलंय, विचारूच नका. अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या ह्या आमच्या काळ्यांच्या बेटावर सिनेमावाले उतरले, की त्यांना एक म्हातारी गुलाम लागतेच, आणि दर वेळी रोझेलाच पसंत पडते. कधी तिचा मुलगा लिलावात जातो, कधी ती स्वतः. बोलायला एक ओळ मिळेल तर शपथ. हिनं फक्त रडायचं. बोलायचं काम गोऱ्या वकिलाचं. तो शेवटी येतो आणि सगळ्यांना सोडवतो.

"मग अजून जातेस कशाला मरायला?" मी हल्ली विचारायची.

"घर खायला उठतं, वन्सं. तिथे निदान चार माणसं असतात."

माझा भाऊ टायटस जाऊन वर्ष होत आलं होतं. जन्मभर कोळंबीच्या बोटीवर राबला, आणि शेवटी खाटेला खिळला. शेवटची कॉफी प्यायला ती निळ्या काठाच्या कपातून. कपाचा तुटका कान टायटसनंच तांब्याच्या तारेनं बांधला होता. माणूस शेवटचं ज्यातून प्यायला, ते भांडं आम्ही मुद्दाम फोडून त्याच्या थडग्यावर ठेवतो. मग तो मागच्यांना बोलावत नाही, की भांड्यासाठी घरी परत येत नाही. ते कुणी हलवायचं नसतं. आमचं शेंबडं पोरसुद्धा हात लावत नाही. रोझेलानं कपाचं बूड पायरीवर टिचवलं आणि कप स्वतःच्या हातानं झाडीतल्या थडग्याच्या मातीत रोवून आली.

यंदाच्या सिनेमात मीही होते, गर्दीत. गोणपाटाचे कपडे, उकाडा, डास, आणि सकाळपासून तेच ते. दिग्दर्शक ग्रॅहम पोरसवदा होता, मनानं भला. त्याला वाईट म्हणवत नाही, हीच तर पंचाईत.

"मिस रोझेला, तुमचं दुःख आपल्याला जगाला दाखवायचंय," तो म्हणाला. "जरा मोकळं रडा."

"दाखव बाबा," रोझेला म्हणाली. "मी काय, रडते."

प्रसंग होता सिनेमातल्या तिच्या नवऱ्याला पुरल्याचा. ओकच्या झाडाखाली खोटी थडगी केली होती. सजावटीच्या पोरीनं त्यांवर फुटके कप, बशा मांडल्या होत्या. कुठंतरी वाचलं असेल बिचारीनं.

रोझेला गुडघ्यांवर बसली आणि तशीच थिजली. मग मलाही दिसली ती तांब्याची तार.

तिनं कप उचलून छातीशी धरला आणि रडली. मोठ्यानं नाही. टायटस गेला त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती. ग्रॅहमनं डोळे पुसले.

"सुरेख," तो म्हणाला. "असंच पुन्हा एकदा, ह्या बाजूनं घेऊ."

पोरगी कप परत मांडायला आली. रोझेलानं सोडला नाही.

"हा कुठून आणलास, बाळा?"

"मागच्या झाडीतून, चार दिवसांपूर्वी. कुणी टाकून दिलेलं वाटलं."

"टाकलेलं नाही, ठेवलेलं," मी म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "माझ्या भावाच्या उशाचा कप आहे तो."

पोरगी रडवेली झाली. ग्रॅहमनं खूप माफी मागितली. सगळी भांडी मी स्वतः परत ठेवीन म्हणाला, आणि ठेवलीही त्यानं नंतर. पण ऊन उतरत होतं. "फक्त एकदा, मिस रोझेला. एकदाच."

"तो एकदाच मेला, बाबा," रोझेला म्हणाली. कप तिनं एप्रनमध्ये घेतला आणि चालू लागली. एप्रन कंपनीचा आहे, असं मागून कुणीतरी ओरडत होतं.

टायटसच्या थडग्यावर कपाची खळगी अजून तशीच होती. तिनं कप तीत बसवला, माती दाबली आणि शेजारीच फतकल मारली.

"घाबरलीस होय?" मी विचारलं. "कपासाठी तो घरी येईल म्हणून?"

ती कितीतरी वेळ मातीवर हात फिरवत राहिली.

"कप इथं नव्हता ना, वन्सं, इतके दिवस," ती म्हणाली. "मग तो यायला हवा होता. आला नाही."

डास फोडून खायला लागेपर्यंत आम्ही दोघी त्या गोणपाटातच तिथं बसून राहिलो.