दुसऱ्याचा देव

आई श्रावणात गेली. तिच्या वस्तूंची निरवानिरव भाद्रपदभर चालली होती. लुगडी मावशीने नेली, तांब्याची भांडी धाकट्या काकूंकडे गेली, पोथ्या मी ठेवून घेतल्या. एका वस्तूला मात्र कोणी हात लावला नाही. माजघराच्या तुळईला टांगलेली ती बांबूची, झाकणाची टोपली. ती आईची नव्हतीच. कोणाची ते मला ठाऊक होते, पण ती माणसे आता कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटच्या दिवसांत आईने मला दागिन्यांचे, घराचे काही सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "टोपलीचं बघ. ज्याची त्याला जाऊ दे."

टोपली आली तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. वडील जव्हारला संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मोखाड्याकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची वारली बाई दर बाजारी आमच्या दारावर पळसाच्या पानांच्या जुड्या घेऊन येत असे. आई तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाची पाने घेत नसे, आणि तीही आमच्याकडे आल्याखेरीज पुढे जात नसे. ती सगळ्यांना 'तू' म्हणे. आईला, वडिलांना, एकदा तर आमच्याकडे आलेल्या मामलेदारांनाही. वडिलांना त्याची फार गंमत वाटायची. "जव्हारात मला 'तू' म्हणणारी तीन माणसं," ते म्हणत. "महाराज, माझी आई आणि ही."

त्या वर्षी तापाची साथ आली आणि तिच्या पाड्यावरची कितीतरी घरे बंद झाली. उरलेली माणसे कापणी उरकून घाटाखाली मिठागरांवर कामाला निघाली. निघायच्या आधी ती नवऱ्याला घेऊन आली. पाने नव्हती, डोक्यावर ही टोपली होती. नवरा अंगणातच उभा राहिला. ती ओटीवर आली आणि टोपली आईपुढे ठेवून म्हणाली, "बाय, आमचा हिरवा आहे. ठेव."

आईला आधी कळलेच नाही. मग त्या बाईने झाकण जरासे उचलले. आत तांदूळ होते आणि त्यात उभी केलेली मोरपिसांची जुडी. त्यांचा घरचा देव.

"अगं, देव कसा ठेवून जातेस? बरोबर ने की."

"खाऱ्या पाण्यावर नाय जात तो. आन् रिकाम्या घरात नाय राहत."

"मग तुझ्या भाऊबंदांकडे ठेव."

"भाऊबंद कुठं राहिलं?" ती साधेपणाने म्हणाली.

वडील आतून हे ऐकत होते. ते बाहेर आले आणि कचेरीतल्या सवयीने विचारू लागले. ठेव किती काळासाठी? न्यायला दुसरा कोणी आला तर ओळखायचा कसा? साक्षीला कोण? ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली, मग आईकडे वळून म्हणाली, "हा का बोलतो येवढा?"

नंतर बोलता बोलता समजले की आमच्याकडे येण्याआधी ती पेठेतल्या वाण्याकडे जाऊन आली होती. तिथे तिने आपले चांदीचे कडे ठेवले होते, आणि त्याबद्दल त्याच्याकडून चिठ्ठी घेतली होती. चिठ्ठी तिच्या पदराला बांधलेली होती. वडिलांनी लगेच ते पकडले.

"कड्याची चिठ्ठी घेतलीस, मग देवाची नको?"

"वाणी कडं बदलील," ती म्हणाली.

वडील हसले. "शहाणी आहे. देव बदलून कोण नेणार, म्हणते आहे."

"तसं नाही म्हणत ती," आई म्हणाली. पण कसे म्हणते ते तिने सांगितले नाही.

आईने एकच गोष्ट विचारली. याला खायला काय द्यायचे? त्या बाईने क्षणभर आमच्या घराकडे, तुळशीकडे, आईच्या सोवळ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तू खाशील तां दे. नवा भात आला का मातर पयला त्याला. मग तू खा." आणि दोघे गेली.

देव कुठे ठेवायचा यावर घरात बरेच बोलणे झाले. आमचे भटजी म्हणाले, देवघरात तर मुळीच नको. ना मूर्ती, ना मंत्र, पूजा कोणत्या विधीने करणार? आईने वाद घातला नाही. माजघरात तुळईला दोरी बांधून टोपली टांगली, उंदीर पोचणार नाहीत आणि चुलीचा धूर लागणार नाही अशा बेताने. खाली कोनाड्यात रोज संध्याकाळी एक पणती. देवघरातल्या देवांसाठी एक आणि पाहुण्यासाठी एक, असा दिव्यांचा हिशेब तेव्हापासून सुरू झाला.

'तू खाशील ते दे' हे आईने अक्षरशः घेतले. आमच्याकडे वरणभात असला की तिकडे पळसाच्या पानावर वरणभाताचा घास, नागलीची भाकरी असली की भाकरीचा तुकडा. आणि एकादशीला आई स्वतः उपास करी, म्हणून त्यालाही उपास. वरीचे तांदूळ, एखादे उकडलेले रताळे. आषाढीला तर निर्जळी. वडील जेवताना टोपलीकडे बघून म्हणत, "काय राव, कुठं येऊन पडलात!"

नवा भात बाजारात आला की आई विकणाऱ्या बाईला दोनदोनदा विचारी, हे यंदाचेच ना? घरी आणून शिजवी आणि पहिली मूठ पानावर टोपलीखाली ठेवी. मग घरचे देव, मग आम्ही. पण त्या मुठीतला एकही कण आम्हाला मिळत नसे. मी एकदा प्रसाद म्हणून हात पुढे केला तर आईने तो हळूच मागे सारला. "तो आपल्याला नाही बाळ. त्याच्या माणसांचा आहे." थोड्या वेळाने ती पान मागल्या अंगणात नेई. चिमण्यांना ते दरवर्षी कसे कळे कोण जाणे, त्या पेरूवर आधीच येऊन बसलेल्या असत.

पावसाळ्याच्या तोंडाला मिठागरांवरची माणसे परत येतात. त्या वर्षी ती दोघे आली नाहीत. पुढल्या वर्षीही नाहीत. वडिलांनी मोखाड्याकडे जाणाऱ्या शिपायाकडे चौकशी करवली. त्याने येऊन सांगितले की तो पाडा उठला, चुलींवर गवत उगवले आहे. तेव्हा वडिलांनी प्रथमच गंभीरपणे विषय काढला.

"बेवारशी ठेव सरकारजमा होते. पण हे सरकारजमा कसं करायचं? दाभोशाच्या धबधब्याखाली सोडून येऊ. पाण्यात देव सोडायला तुझ्या शास्त्राचीही हरकत नाही."

"ती मेली असं कोणी सांगितलंय का?"

"नाही."

"मग?"

वडिलांनी जरा विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मुदत घातलीच नव्हती." कायदा जाणणाऱ्या माणसाने इतक्या सहज हार मानलेली मी दुसऱ्यांदा पाहिली नाही.

तेव्हापासून आई दर बाजारी बाहेर पडू लागली. डोंगरावरून आलेल्या बायकांमध्ये ती हिंडे. पाने विकणाऱ्या, मोहाची फुले विकणाऱ्या, कोंबड्या घेऊन बसलेल्या सगळ्यांना विचारी, अमक्या पाड्यावरची अशी अशी बाई, हनुवटीवर गोंदण, कुठे दिसली का? बायका माना हलवत. पुढे पुढे आई दिसली की त्या आपसांत हसून म्हणत, "आली देववाली बाय." आईला ते ऐकू येई. तिला त्याचे काही वाटत नसे.

माझे लग्न झाले आणि वर्षभरात मी कपाळ पुसून माहेरी परत आले. वडिलांनी लोकांचे ऐकले नाही. मला पुण्याला शिकायला पाठवले, आणि शिकून आल्यावर मी इथल्या मुलींना शिकवू लागले. पुस्तके वाचून माझा देवावरचा भरवसा बराच पातळ झाला होता. आईशी मी त्यावर कधी बोलले नाही. तिची दुसरी पणती मला तेव्हा एक भाबडी सवय वाटे.

मग वडील आजारी पडले. वैद्यांनी हात टेकले. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "अहो, त्या टोपलीतल्याला नवस बोला. रानातले देव कडक असतात. एक कोंबडं कबूल करा, बाहेरच्या बाहेर देता येईल."

आई वडिलांना शेक देत होती. तिने वर पाहिले नाही. "दुसऱ्यानं सांभाळायला दिलेली पाटली हातात घालून कोणी लग्नाला जातं का हो?"

"अहो, पण कुंकवाचा प्रश्न आहे!"

"म्हणून तर," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने देवघरापुढे पदर पसरला आणि खूप काही मागितले. माजघरात पणती लावताना मात्र ती रोजच्यासारखीच उभी राहिली. मी दारात होते. रोजचे शब्द मला ऐकू आले: "तुझी माणसं सुखरूप असोत." त्यापलीकडे काही नाही. आठवडा झाला नाही तोच वडील गेले.

माझी भाबड्या सवयीची कल्पना त्या संध्याकाळी गळून पडली. देवाविषयी माझे मत बदलले असे नाही. पण भरवसा म्हणजे काय असतो हे मी त्याआधी फक्त शब्दकोशात पाहिले होते.

आता आईही गेली होती, आणि ती टोपली माझ्या हवाली होती. मावशी म्हणाली, वर्षभर घरात सण नाही, नवे खायचे नाही, तेव्हा ते पान वगैरे राहू दे. मी म्हटले, दुखवटा आपला आहे, त्याचा नाही. पणती मी लावत राहिले. पण मला मनातून भीती वाटे. मी आईइतकी टिकेन का? आणि माझ्यामागे कोण? या घरात माझ्यानंतर कोणी नाही.

दसरा झाल्यावरच्या बाजारच्या दिवशी मी वह्या तपासत ओटीवर बसले होते. एक म्हातारी बाई अंगणात येऊन उभी राहिली. मागे तरुण मुलगा. बाईच्या हनुवटीवरचे गोंदण सुरकुत्यांत गेले होते, पण होते.

"तुझी आई मेली ना?" ती म्हणाली.

मी उठून उभी राहिले.

"बाजारात बाया बोलल्या, देववाली बाय मेली." ती ओटीच्या कडेला बसली. "मी आली देवाला न्यायला."

हळूहळू तिने सांगितले. नवरा मिठागरावरच गेला. मूल पोटात होते. परत आली तेव्हा पाडा उठलेला, घर नाही. मग या गावात, त्या गावात, दुसऱ्यांच्या शेतांवर, दुसऱ्यांच्या पडवीत. आता मुलाने वांगणीजवळ स्वतःचे घर बांधले आहे, स्वतःचा भात यंदा पहिल्यांदा आला आहे.

"म्हणजे तू या मुलखातच होतीस?" मी विचारले.

"व्हय तर. बाजारालापन यायची. आधीमधी."

"इथे आली होतीस?"

"समोरच्या चिंचेखाली बसायची दिवेलागणीला. दार उघडं असायचं. दिवा दिसायचा. मग जायची."

मला राग आला. इतक्या वर्षांनंतर, आई गेल्यावर, एकदम आणि फार राग आला. "आई तुला बाजारात शोधत हिंडायची! बायका तिला हसायच्या. एक शब्द सांगायला काय झालं होतं? जिवंत आहेस एवढं तरी?"

ती ओटीवर जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तिनं देव दिला असता."

"दिलाच असता!"

"आन् मी टांगला कुठं असता?"

मी खाली बसले. मुलगा अंगणात पायाने माती उकरत होता. म्हातारी पदराने डोळे पुसत होती. माझ्यासाठी की आईसाठी, कळले नाही. आईची काळजी आणि हिचा निर्धास्तपणा, दोन्ही एकाच दिव्यापाशी येऊन थांबत होते. मध्ये फक्त एक अंगण होते.

मी दोरी सोडली आणि टोपली तिच्यापुढे ठेवली. तिने झाकण काढले. मोरपिसांचे डोळे अजून निळे होते. तांदूळ पिवळे पडले होते, पण कीड नव्हती. आई दरवर्षी झाकणावर कडुनिंबाचा पाला ठेवी. म्हातारीने बोटांनी तांदूळ चाळवले आणि विचारले, "काय द्यायची तुझी आई याला खायाला?"

"आम्ही खाऊ तेच. तूच सांगितलं होतंस. वरणभात, भाकरी. एकादशीला वरी आणि रताळं. आषाढीला काही नाही."

"काय नाय?"

"उपास. निर्जळी."

तिचे तोंड उघडेच राहिले. मग ती मुलाकडे वळली. "ऐकलास का रं? हिरव्याला उपास!" आणि टोपलीत वाकून, "अरं, तुला कोंबडा लागतो, दारू लागती, आन् तू हितं रताळीं खाऊन राहिला?"

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुझ्या आईला? कोंबडा काप म्हनून?" ती हसत सुटली. मुलगा हसला. मीही हसले, श्रावणानंतर प्रथमच, आणि हसता हसता मला रडू आले. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

निघताना तिने टोपली डोक्यावर घेतली. उंबऱ्यापाशी थांबून आत माजघराकडे पाहिले, जिथे आई पणती लावत असे. 'जातो' म्हणायचे नसते हे तिच्याही माणसांत असावे. "येतांव बाय," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते मी विचारले नाही. दोघे चिंचेखालून उताराला लागली.

काल मी बाजारातून नवा भात आणला. सण नाही, गोडधोड नाही. आई दर वर्षी आणी म्हणून आणला. शिजवला आणि हात आपोआप पळसाच्या पानाकडे गेला. पान मांडले, पहिली मूठ त्यावर घातली आणि माजघरात आले, तेव्हा तुळईवरची नुसती दोरी दिसली. मग पान घेऊन मागल्या अंगणात गेले. चिमण्या पेरूवर येऊन बसलेल्या होत्या.