माझा भाऊ, टोपणनाव दाढ

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. वय त्रेसष्ट. माझ्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहतो. एका खोलीत तो झोपतो, दुसरीत दात. दंतवैद्य मंडळी लोकांच्या तोंडाचे ठसे डब्यात घालून पाठवतात. हा त्यात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात बसवतो, मग घासूनपुसून, चाकावर पॉलिश करून डबा परत पाठवतो. पस्तीस वर्षांत हजारो तोंडं त्याच्या हाताखालून गेली असतील, त्यातल्या एकाचाही चेहरा त्याने पाहिलेला नाही. दिवसभरात बोलायला मी आणि डबे नेणारा स्कूटरवाला. स्कूटरवाला बोलत नाही. मी बोलते, पण माझं बोलणं तो त्रेसष्ट वर्षं ऐकतो आहे.

त्याची एक खोड आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. फॉर्मवर त्याला खोटं लिहिता येत नाही. शाळेच्या वाचनालयाच्या फॉर्मवर प्रश्न होता, याआधी पुस्तक फाडले आहे का? सगळ्या वर्गाने 'नाही' लिहिलं. याने लिहिलं, 'होय. एकदा. पान ४१. रागाच्या भरात.' दोन वर्षं याला पुस्तक मिळालं नाही. पुढे लग्नासाठी स्थळांना पाठवायच्या कागदावर 'स्वभाव' या रकान्यात त्याने 'हट्टी' असं लिहिलं. आईने तो कागद माझ्या हातात कोंबला नि म्हणाली, "तू कॉलेजात शिकलीस ना, तूच समजाव." मी समजावलं. त्याने कागद परत घेतला आणि आणखी एक ओळ वाढवली: 'समजावून उपयोग होत नाही.' लग्न झालं नाही.

आठ वर्षांपूर्वी एका दंतवैद्याने त्याला सांगितलं, आता कवळ्या कॉम्प्युटरवर आखायचे दिवस आले, शिकून घ्या; आधी माउसवर हात बसावा म्हणून एखादा खेळ खेळा. भावाने कॉम्प्युटर आणला, खेळ विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात खातं उघडलं, खेळ घेतला. कवळ्या अजून हातानेच होतात. खेळ राहिला.

खेळ असा: एक नदी, तिच्यावर एक पूल. चार-चार जणांच्या टोळ्या. दर रविवारी दुपारी तीनला इतर टोळ्या पुलावर चाल करून येतात आणि साडेतीनला भोंगा होतो. भोंग्याच्या वेळी तुमच्या टोळीतला एक जण जरी पुलावर उभा असला, तरी पूल आठवडाभर तुमचा. मला यात काही विशेष वाटत नाही. पण लोक तासन्‌तास पत्ते कुटतात, त्यातही मला कधी काही विशेष वाटलं नाही.

भावाच्या टोळीत आणखी तिघं: निखारा, भुंगा आणि घोरपड. एकमेकांना कोणी कधी पाहिलेलं नाही. भावाचं खेळातलं नाव दाढ. बाकीच्यांना वाटायचं, वाघाची असेल. ती खालच्या कवळीची, डावीकडची होती, नाव ठेवायच्या वेळी हातात होती म्हणून. चार वर्षं हा दाढ पुलाच्या पुढच्या टोकाला उभा राहत आला. जागचं हलायचं नाही, हे काम त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. भुंगा आणि घोरपड माइकवर बोलायचे, हा आणि निखारा टाइप करायचे. सकाळी माझ्याकडे चहाला आला की कौतुकाने सांगायचा, "काल घोरपड मला बिनडोक म्हणाला."

"मग?"

"बरोबर होतं त्याचं. मी उजवीकडे बघितलंच नाही."

तर एका बुधवारी ते ऑनलाइन दुकान फुटलं. परीक्षेचा पेपर फुटतो तसं. लाखो गिऱ्हाइकांची नावं, जन्मतारखा, पत्ते कोणीतरी चोरले आणि सगळी यादी उघड्यावर टाकली. खेळातलं टोपणनाव टाकायचं की त्याच्या मागचा माणूस समोर. दुकानाने जाहीर केलं की तुमची सुरक्षितता आम्हाला प्राणाहून प्रिय आहे. खेळणाऱ्यांनी दुकानाला शिव्या घातल्या, यापुढे इथून एकही खेळ घेणार नाही अशा शपथा घेतल्या, आणि त्याच पानावर खाली, नवा खेळ कधी येतोय, अशी चौकशी केली. पासवर्ड बदलायच्या आधी मात्र सगळ्यांनी एकच उद्योग केला. आपापल्या टोळीतल्या लोकांची नावं टाकून बघितली.

आता शहाणी माणसं असल्या ठिकाणी खरं लिहीत नाहीत. निखाऱ्याचं नाव निघालं 'अबक कखग', जन्म १ जानेवारी १९००. घोरपडीचं नाव नुसतंच एक टिंब, जन्म तोच. भुंग्याचा पत्ता 'चंद्र, मागची बाजू'. आणि दाढ? दाढाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खरी जन्मतारीख, इमारत, मजला, 'लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डावीकडे', व्यवसाय कवळ्या; आणि शेवटी 'आम्हाला आणखी काही सांगायचे आहे का?' या चौकटीत: 'दुपारी एक ते दोन जेवणाची वेळ असते. तेव्हा बेल वाजवू नये.'

गुरुवारी सकाळी तो चहाला आला आणि कप तसाच ठेवून बसून राहिला.

"पासवर्ड बदललास का?" मी विचारलं.

"तो लगेच बदलला. ते नाही गं." त्याने फोन माझ्यापुढे सरकवला.

निखाऱ्याने लिहिलं होतं: 'नमस्कार काका. आम्हाला कल्पना नव्हती. आजवर काही कमीजास्त बोललो असू तर मोठ्या मनाने माफ करा. रविवारपासून तुम्ही मागच्या चौकीत आरामात बसा, पुढचं आम्ही बघतो.' भुंग्याने विचारलं होतं, 'काका, इतका वेळ बसून तुमची पाठ धरत नाही ना?' बिनडोक म्हणणाऱ्या घोरपडीने नुसते जोडलेले हात पाठवले होते. पाच वेळा.

"चांगली माणसं दिसतात," मी म्हटलं.

"ताई, चौकीत कोणी येत नाही. तिथे बसलेला माणूस असून नसल्यासारखा."

"तू वय लपवलंस कशाला?"

"लपवलं कुठे? कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मग माइक का नाही लावलास?"

"माइक लावा असं कुठे लिहिलेलं नव्हतं," तो म्हणाला, आणि कान लाल झाले त्याचे.

"मग आता लिही त्यांना ठणकावून, मी पुढेच उभा राहणार म्हणून."

"लिहिलं की ते ऐकतील गं. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून ऐकतील. पुढे उभं करतील आणि सगळे मिळून मलाच सांभाळत बसतील. मग पूल कोण सांभाळणार?"

मी त्याला चहा गार होतोय असं सांगितलं. त्या दिवशी त्याने एका खालच्या कवळीला वरचे दात बसवले. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. स्कूटरवाला डबा परत घेऊन आला तेव्हा तोसुद्धा बोलला. म्हणाला, "हे काय?"

शुक्रवारी दुकानाला जाग आली. सगळी खाती बंद. उघडून हवं असेल तर खात्यावर जे नाव, जन्मतारीख आणि पत्ता आहे तेच असलेलं, फोटोचं सरकारी ओळखपत्र पाठवा. भावाने ओळखपत्राचा फोटो पाठवला, पंचवीस मिनिटांत त्याचं खातं उघडलं. बाकीच्यांची पंचाईत झाली. 'अबक कखग, जन्म १९००' असं ओळखपत्र कुठलं सरकार देणार? दुकानाच्या तक्रारींच्या पानावर तोबा गर्दी. कोणी म्हणे, माझं नाव खरंच टिंब आहे, आमच्यात ठेवतात. भुंग्याने आपलं कॉलेजचं ओळखपत्र पाठवलं. दुकानाने कळवलं की चंद्राचा पत्ता जुळत नाही.

शनिवारी निखाऱ्याचा निरोप आला: 'काका, तुमचं उघडलं का?'

'उघडलं.'

 मग: 'म्हणजे उद्या पुलावर तुम्ही एकटे.'

'हो.'

'आम्ही येतो. पत्ता आहेच.'

पत्ता काय, आता साऱ्या जगाकडे होता.

रविवारी दीडच्या सुमाराला मी जिना चढत होते, तर वरच्या पायरीवर दोघं बसलेले. एक चष्मेवाला लुकडा मुलगा, विशीतला. आणि एक बाई, चांगली भरलेली, पन्नाशी ओलांडलेली, मांडीवर हेल्मेट.

"कोण पाहिजे?"

"दाढ," मुलगा म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे काका."

"मग बेल का नाही वाजवत?"

"दोनला वाजवणार," बाई म्हणाली. "एक ते दोन वाजवायची नाही असं लिहिलंय त्यांनी."

ती निखारा. शाळेची बस चालवते. मी विचारलं, "तुम्ही त्याच्याहून जेमतेम दहा वर्षांनी लहान, आणि त्याला काका म्हणता?"

"टाइप करताना मी तिशीची असते," ती म्हणाली. हे मला पटलं.

दोनला त्यांनी बेल वाजवली. चार वर्षं भाऊ या निखाऱ्याला 'अरे' म्हणत आला होता. दारात तिला बघून म्हणाला, "आपण... निखारा?" ती म्हणाली, "हो, आपण बसा ना, उठलात कशाला?" भुंगा चपला हातात घेऊन उभा. एखाद्याला भेटायला दवाखान्यात जावं तसा सगळा थाट. मी चहा टाकला. लांबच्या गावी असलेल्या घोरपडीला फोनवर घेतलं आणि तो फोन दोन कवळ्यांच्या मधे टेकवून उभा केला.

तीन वाजले. दाढ पुलाच्या पुढच्या टोकाला, एकटा. समोरून बारा जण. माझा भाऊ खुर्चीच्या कडेला आलेला, मागे ही दोघं हात बांधून.

"काका," भुंगा म्हणाला, "तुम्हाला जमणार असेल तर जरा डावीकडे..."

वाक्य पुरं होईपर्यंत डावीकडून भाला लागला होता.

"हरकत नाही काका, छान खेळताय," निखारा म्हणाली.

"काका, मला वाटतं उजवीकडून साधारण..." फोनमधून घोरपड. उजवीकडूनही लागला.

"अहो, छान काय छान!" भाऊ स्क्रीनवरून नजर न काढता ओरडला. "कवळी बसवतोय का मी? किती येतायत ते बोला!"

"तीन, नाही, चार, उजवीकडे," भुंगा म्हणाला. "उजवीकडे काका. उजवीकडे! अरे उजवीकडे बघ ना!"

"दिसत नाही मला, खांब आहे मधे!"

"मग खांब सोड की, बिनडोक!" घोरपड फोनमधून किंचाळला.  मग फोन हळूच म्हणाला, "सॉरी काका."

"सॉरी कसलं, खांब सोडून कुठे जाऊ ते सांग!"

त्यानंतर काका हा शब्द त्या खोलीत मी ऐकला नाही. निखाऱ्याने खुर्चीची पाठ धरली आणि बसमधल्या साठ पोरांवर ओरडावं तशी ओरडायला लागली. वाक, पळ, पळू नको, मागे, गाढवा मागे! भाऊही उलट ओरडत होता. त्याचा आवाज इतका मोठा आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. एकट्याने त्याने सव्वीस मिनिटं पूल धरला. तीन वाजून सव्वीस मिनिटांनी एक किरकोळ दिसणारा गडी मागच्या बाजूने कठड्यावर चढला आणि दाढाला नदीत ढकलून मोकळा झाला. पूल गेला.

"मागे कोण बघणार होतं?" निखारा म्हणाली.

"तू!" भाऊ म्हणाला. "चार वर्षं मागे तूच बघतेस!"

"मी खेळात होते का? खात्याला कुलूप आहे माझ्या!"

"ते तू जन्म एकोणीसशेत घातलास म्हणून! आणि हा चंद्रावरचा मला डावं-उजवं शिकवतोय!"

"तुला डावं-उजवं कळत असतं तर पूल गेला नसता," भुंगा म्हणाला. तो पोरगा मला नंतर आवडायला लागला, पण त्या दिवशी मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. भावाकडे बघितलं तर त्याच्या अंगातला शर्ट ओला, आणि चेहरा असा की परीक्षेत पहिला आलाय.

भांडून झाल्यावर तिथेच, प्लास्टरच्या टेबलाशी, त्यांनी नवी खाती उघडायला घेतली. भाऊ डोक्यावर उभा. "नाव खरं लिहा. तारीख खरी लिहा."

"म्हणजे पुन्हा फुटलं की मी बावन्न वर्षांची आहे हे गावभर," निखारा म्हणाली. "मग मलाही चौकीत बसवाल."

"बसशील का?"

"बसवून तर बघ."

तिने खरी तारीख लिहिली. भुंग्याने लिहिली. घोरपडीने फोनवरून सांगितलं की लिहिली, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही. नव्या खात्यांना खेळात सुरुवातीला एक लाकडी काठी मिळते, दुसरं काही नाही. ढाल, चिलखत, ताकद, सगळं कमवायला सहा महिने जातात म्हणे.

"म्हणजे सहा महिने पुढे तूच," निखारा हेल्मेट उचलत म्हणाली. "आम्ही काठ्या घेऊन तुझ्या मागे. आणि खांबाला चिकटून उभा राहू नकोस."

"राहणार," भाऊ म्हणाला. "तिथून मागची बाजू दिसते."

"दिसते? मग आज का नाही दिसली?"

त्यावर ते दारात उभं राहून आणखी वीस मिनिटं भांडले.

सात रविवार झाले, पूल काही परत मिळालेला नाही. आता भुंगा आणि निखारा दर रविवारी आपापले कॉम्प्युटर घेऊन येतात, दोनच्या ठोक्याला. भाऊ पुढच्या टोकाला उभा राहतो, सगळ्यांच्या आधी मरतो आणि मग त्याला बोलणी बसतात. हे सगळं माझ्या डोक्यावर, छताच्या वर, पाय आपटून चालतं. मला दुपारची झोप नाही. मी वर जाऊन तक्रार केली. भावाने मान वळवलीसुद्धा नाही.

"ताई," तो म्हणाला, "रविवारी तीनला तू झोपू नकोस."