लॅमिनेट केलेला कागद अन् सहा रोडगे

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मधातच हसू आलं तं चहा नाकात जाते, अन् मंग म्हणसान, वानखडेनं सांगतलं नाही! ही गोठ मी बायकोलेही पुरी सांगतली नाही. पण तुमाले कुठून तरी कळणारच आहे, त्यापेक्षा माह्याच तोंडून ऐका.

मी अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवतो, हे तुमाले माहीतच आहे. सातवाहन, वाकाटक, बस. तं झालं असं, का कोरियातल्या एका संस्थेचा अर्ज माह्या नजरेत आला. जगभरच्या कॉलेजांत कोरियाचा अभ्यास सुरू व्हावा म्हणून ते अनुदान देतात, पुस्तकं देतात, शिकवाले माणूस पाठवतात. वरून एका विद्यार्थ्याले वर्षभर तिकडे शिकाले नेतात. म्हटलं, भरून टाकू, आपलं काय जाते?

अर्जात एक रकाना होता, 'कोरियन संस्कृतीची ओळख कितपत?' मी ठोकून देलं, 'सखोल'!

आता खरं सांगू? बायको अन् पोरगी कोरियन मालिका पाहत बसतात, अन् मी मधातून रिमोट शोधाले जातो, तेवढी माही ओळख.

अन् बाप्पा, उत्तर आलं नं! प्रोफेसर हान नावाचे गृहस्थ पाहणीले येणार. सकाळी कॉलेज पाहतील, जेवतील, जेवणानंतर एका विद्यार्थ्याचं भाषण ऐकतील, अन् बडनेऱ्याहून साडेचारच्या गाडीनं परत.

विद्यार्थी म्हणजे आमची प्रज्ञा गवई. एम.ए.ची पोट्टी, वडील एसटीत कंडक्टर. मोबाइल पाहून पाहून कोरियन शिकली, आपल्या आपण! तिले तिकडच्या जुन्या बौद्ध विहारांचा अभ्यास कराचा होता. वीस मिनिटांचं भाषण तिनं महिनाभर घोकलं. मले म्हणे, "सर, वयाच्या अटीत मी याच वर्षी बसतो. पुढच्या वर्षी नाही बसत. हे गेलं तं गेलंच."

म्हटलं, "अवो, मी आहो नं!"

तिथंच तिचं नशीब फिरलं.

जेवणाचा मामला आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी, दादासाहेबांनी आपल्याकडे घेतला. वय ब्याऐंशी, आवाज अजून वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाते. "पाव्हना कोरियाचा असो का कारंज्याचा, रोडगेच खाईन! माह्या वावरात, संत्र्याच्या झाडाखाली!"

मी घाबरलो. परदेशी माणूस, कोणी काही चुकलं तं? म्हणून मी रात्रंदिवस एक करून, म्हणजे इंटरनेटवर पाऊण तास वाचून, नियमांचा कागद केला. इंग्रजीत अन् मराठीत. लॅमिनेट केला! मुख्य नियम लाल अक्षरात: 'जेवताना मोठ्या माणसाच्या आधी उठणे हा घोर अपमान.'

आता मोठा माणूस कोण? मी म्हटलं, पाव्हणा! ग्रँट त्याच्या हातात, मंग त्याच्याहून मोठा कोण राहते? तसं मी कंसात लिहूनही टाकलं.

प्रज्ञानं कागद वाचला अन् तिच्या कपाळाले आठी पडली. "सर, तिकडे मोठं म्हणजे वयानं..."

"प्रज्ञा, पीएचडी कोणाची झाली? तुही का माही?"

पोट्टीनं कागद परत देल्ला. मले वाटलं, जिंकलो!

झालं. साडेबारा वाजता पंगत बसली. सतरंजीवर एका बाजूले दादासाहेब, समोर हान सर, मधात मी. हान सर साठीचे असतील, पण इतके बारीक का सतरंजीले पत्ता लागला नाही कोणी बसलं म्हणून. अन् समोर काय? रोडगा! गोवऱ्यांच्या आरात भाजलेला, मुठीएवढा कणकेचा गोळा. कुस्करून त्यात वाटीभर तूप, वरण, वांग्याची झणझणीत भाजी. आपल्यासारखा माणूस दोनात आडवा होते.

हान सरांनी पहिला संपवला. पान रिकामं दिसलं तसा दादासाहेबांनी हातानं दुसरा देल्ला. हान सरांनी दोन्ही हातांनी घेतला, मान झुकवली. दादासाहेब खूष! तिसरा देल्ला. तोही दोन्ही हातांनी घेतला.

चौथ्याले मले उलीशी शंका आली. हान सर घास घेत अन् दादासाहेबांकडे पाहत. दादासाहेब एक कण तोंडात टाकत अन् हान सरांकडे पाहत. कोणी थांबेचना! अन् मी मधात. मी कसा उठू? माह्याच कागदात लिहिलं होतं.

दादासाहेब हळूच म्हणाले. हळूच म्हणजे, शेजारच्या वावरातला बैल दचकला. "वानखडे, हा मानूस उठत काहून नाई बे?"

"चव लागली असन, दादासाहेब. तुम्ही फक्त उठू नका. तुम्ही उठले का ग्रँट गेली!"

"अबे, माहे पाय गेले, ग्रँटीचं काय घेऊन बसला!" पण बसले बिचारे. कॉलेजासाठी बसले.

इकडून हान सरांनी मले इंग्रजीत विचारलं, "हे गृहस्थ साधारण किती जेवतात?"

इथं मी खरं बोललो असतो, तं सुटलो असतो. पण नाही! वऱ्हाडाची इज्जत मले आठवली. म्हटलं, "सर, जुनं हाड आहे. दहा-बारा रोडगे तं सहज!"

हान सरांनी डोळे मिटले. काहीतरी पुटपुटले. अन् पाचव्याले हात घातला.

तिकडे प्रज्ञा संत्र्याच्या झाडाखाली लॅपटॉप छातीशी धरून उभी. दोन वाजले, तिनं मले घड्याळ दाखवलं. अडीच वाजले, पुन्हा दाखवलं. मी डोळ्यानंच म्हटलं, थांब. तीन वाजले तवा तिनं घड्याळ दाखवलं नाही. नुसती पाहत राहिली माह्याकडे, अन् डोळ्यात पाणी. लेकहो, त्या वक्ती सहावा रोडगा माह्या घशात होता, तो ना खाली जाय ना वर येय. पहिल्यांदा वाटलं, वानखडे, तू पोट्टीचं वर्ष खाल्लं.

मंग ती चालत आली. मले विचारलंही नाही. सरळ दादासाहेबांजवळ बसली.

"आबाजी, तुमचं वय किती जी?"

"ब्याऐंशी. काहून वं?"

"मंग तुमीच मोठे. तुमी उठले का ते उठतील. साडेबारापासून तुमची वाट पाहून राहिले ते."

"माही? अन् मी त्याची पाहून राहिलो नं! वानखडे म्हने का मी उठलो तं ग्रँट बुडते!"

सगळी पंगत माह्याकडे वळली. मी वांग्याच्या भाजीत पाहू लागलो.

प्रज्ञानं हान सरांना कोरियनमध्ये काहीतरी सांगतलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मंग लाल झाला, अन् मंग तो माणूस असा हसला, असा हसला, का तूप सांडलं. दादासाहेब उठले. त्यांच्या मागोमाग हान सर सुट्टीची घंटा झाल्यावर पोट्टं उठते तसे उठले.

अन् मी? मी उठूच शकलो नाही! गुडघे धरलेले, पोटात सहा रोडगे. दोघांनी ओढून पाह्यलं, मी जागचा हललो नाही.

"राहू द्या त्याले तठीच," दादासाहेब म्हणाले. "पोरी, तू बस गाडीत. बडनेऱ्यापर्यंत तुहं भाषन होते का नाई पाहू!"

निघताना हान सर माह्यापाशी वाकले. माह्या मांडीजवळचा लॅमिनेट केलेला कागद उचलला. "हा मी नेऊ?" म्हणून विचारलं, दोन्ही हातांनी छातीशी धरला, अन् माहा एक फोटोही काढला. माह्या तोंडात अजून घास होता. पण मनात म्हटलं, पहा! विद्वानाले विद्वानाची कदर राहते!

भाषण दादासाहेबांच्या मोटारीत झालं. वलगाव रोडवरच्या वावरापासून बडनेऱ्यापर्यंत, मधात रेल्वेचं फाटक लागलं म्हणून पुरं झालं. अनुदानही आलं अन् प्रज्ञाची निवडही झाली. पेढे मी वाटले. कॉलेजात दहा लोकांना सांगतलं, का माहा कागद ते कोरियाले घेऊन गेले.

मागच्या महिन्यात तिकडून प्रज्ञाचा फोन आला. उलीशी चाचरत होती.

"सर, हान सरांच्या वर्गात पहिला धडा तुमच्यावर होता. पडद्यावर तुमचा कागद, अन् शेजारी तुमचा फोटो."

माही छाती फुगली! "माह्यावर धडा? अन् नाव काय धड्याचं?"

"दुसऱ्यांची संस्कृती कशी शिकू नये."

मी खुर्चीत बसलो.

"परीक्षेलेही आला सर. 'चित्रातल्या गृहस्थांच्या चुका लिहा.' दहा मार्काले."

"मंग तू... काय केलं?"

"लिहिल्या नं सर! पैकीच्या पैकी भेटले. वरून हान सरांनी शाबासकी देल्ली, तीन चुका जास्तीच्या लिहिल्या म्हणून."